परदेशचें बिऱ्हाड आणि वृद्ध आईवडील



मुलगा अथवा मुलगी परदेशीं स्थायिक झाली, मागें राहिलेल्या आईवडिलांपैकीं एकाचें देहावसान झालें आणि दुसऱ्याचे हातपाय थकूं लागले, म्हणजे आप्तेष्टांच्या तोंडीं एकच प्रश्न येऊं लागतो: "आतां त्यांना तिकडेच कां घेऊन जात नाहीं?" पुण्याचें बिऱ्हाड मोडून मुंबईस न्यावें, तितकीच जणूं ही गोष्ट सोपी आहे, अशा सहजपणें हा प्रश्न विचारला जातो. परंतु ज्याला उत्तर द्यावयाचें असतें त्याला ठाऊक असतें कीं, मध्यें समुद्र तर आहेच, पण समुद्राहून रुंद असा दुसऱ्या राष्ट्राचा कायदा आहे. आणि तो कायदा ओलांडल्यावरहि, परक्या घराच्या चार भिंतींत त्या वृद्ध जीवाचा दिवस कसा जाईल, हा प्रश्न शिल्लक राहतोच. आजच्या भाषणांत ह्या दोन्ही गोष्टींचा क्रमानें विचार करावयाचा आहे.

प्रथम "अवलंबून" ह्या शब्दाचा अर्थ पाहूं. आपल्याकडे म्हातारी आई मुलावर अवलंबून आहे असें म्हणतांना तिच्या अंगांत ताकद किती आणि तिच्या पेटींत पैसे किती, ह्याचा हिशेब कोणी करीत नाहीं. निवृत्तिवेतन घेणारे, स्वतःचें घर असलेले वडीलहि रात्रीं छातींत कळ आली असतां शेजाऱ्याचें दार ठोठावण्यास उठूं शकत नसतील, तर ते अवलंबूनच होत. परक्या सरकारचा कायदा मात्र हा शब्द आपापल्या तराजूंत घालतो. एक देश मुलाचें नागरिकत्व पाहतो, दुसरा आईची व्याधि पाहतो, तिसरा चिठ्ठ्या टाकतो, तर चौथा भावंडांची संख्या मोजतो. एकाच आईचीं चार मुलें चार देशांत असतील, तर ती एका देशांत पात्र आणि इतर तीन देशांत अपात्र ठरूं शकते. आणि तिच्या स्वतःच्या स्थितींत मात्र तिळमात्रहि फरक पडलेला नसतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपासून आरंभ करूं. तेथील १९६५ च्या कायद्यानें प्रौढ नागरिकांच्या आईवडिलांना निकटच्या नातलगांच्या वर्गांत घातलें, आणि ह्या वर्गास वार्षिक संख्येची मर्यादा नाहीं. मुलाचें अथवा मुलीचें वय निदान २१ वर्षें असावें आणि त्यानें तेथील नागरिकत्व घेतलेलें असावें, ह्या दोन अटी मुख्य होत. आई व वडील ह्यांच्यासाठीं दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात. पण त्यांना दुसरीं मुलें किती आहेत, हें कोणी विचारीत नाहीं. ऐकावयास हें फार उदार वाटतें. परंतु खरी मेख "नागरिक" ह्या शब्दांत आहे. कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ज्याला लोक ग्रीन कार्ड म्हणतात तो, केवळ हातीं असलेला मुलगा पत्नीसाठीं अर्ज करूं शकतो, आईसाठीं करूं शकत नाहीं. नोकरीच्या मार्गानें मिळणाऱ्या परवान्यांत कोणत्याहि एका देशाच्या वांट्यास सर्वसाधारणपणें ७ टक्क्यांहून अधिक जागा येत नसल्यामुळें भारतीयांची रांग अनेक वर्षांची झालेली आहे. त्यानंतर नागरिकत्वासाठीं साधारणतः आणखी ५ वर्षें जावीं लागतात. म्हणजे पंचविशींत गेलेल्या मुलास आईला बोलावण्याचा अधिकार मिळतो, तेव्हां तो स्वतः चाळिशी ओलांडून गेलेला असण्याचा संभव पुष्कळ, आणि आई तर त्याहून कितीतरी पुढें गेलेली.

अर्जाबरोबर मुलास एक प्रतिज्ञापत्र लिहून द्यावें लागतें. आपलें उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या निदान १२५ टक्के आहे, हें त्यांत दाखवावें लागतें. हें प्रतिज्ञापत्र म्हणजे नुसता उपचार नव्हे. तो न्यायालयांत बजावतां येण्याजोगा करार आहे. आई तेथील नागरिक होईपर्यंत, अथवा तिच्या नांवावर सुमारें १० वर्षांचें काम जमा होईपर्यंत, अथवा ती तो देश कायमचा सोडीपर्यंत, अथवा दोघांपैकीं एकाचा अंत होईपर्यंत तो चालूच राहतो. सत्तरीच्या आईच्या नांवावर १० वर्षांचें काम कोठून जमा होणार? तेव्हां हें बंधन बहुधा दीर्घकाळचेंच समजावें. शिवाय, वृद्धांसाठीं असलेला तेथील सरकारी आरोग्यविमा, ज्याला मेडिकेअर म्हणतात, तो ६५ वर्षांवरील नव्या रहिवाशास सलग ५ वर्षें राहिल्यावरच, आणि तोहि हप्ता भरून, घेतां येतो. तोंवर खाजगी विम्याचा भार घरावर पडतो. म्हणून अमेरिकेंत आईला नेण्याचा खर्च मोजतांना विमानाच्या तिकिटापासून नव्हे, तर ह्या ५ वर्षांच्या विम्यापासून आरंभ करावा.

तेथील परवान्याविषयीं एक गैरसमज फार रूढ आहे. परवाना मिळाला म्हणजे आतां मनाला येईल तेव्हां जावें, यावें, असें पुष्कळांना वाटतें. वस्तुतः हा परवाना राहण्यासाठीं असतो, पाहुणचारासाठीं नसतो. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास परततांना चौकशी होऊं शकते. आणि पूर्वपरवानगीवांचून वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास, त्या परवान्यावर परत प्रवेश मिळण्याचा हक्कच उरत नाहीं. ज्या आईला आठ महिने गांवीं आणि चार महिने मुलाकडे राहावयाचें आहे, तिला पाहुण्यांचा व्हिसाच अधिक सोयीचा.

ब्रिटनचा दरवाजा ह्याच्या अगदीं उलट बाजूस उघडतो. २०१२ पूर्वीं ६५ वर्षांवरील, मुख्यतः मुलांच्या पैशावर जगणाऱ्या आईवडिलांना तेथें जाण्याचा मार्ग होता. ९ जुलै २०१२ पासून नियम पालटले. आतां वय, आजार अथवा अपंगत्व ह्यांमुळें अंघोळ, कपडे, स्वयंपाक असल्या रोजच्या कामांसाठीं अर्जदारास दुसऱ्याची दीर्घकाल मदत लागत असली पाहिजे. एवढ्यानेंहि भागत नाहीं. मुलानें पैसे पाठवून व खटपट करूनहि ही शुश्रूषा मायदेशीं मिळत नाहीं, अथवा परवडत नाहीं, हें पुराव्यानिशीं सिद्ध करावें लागतें. अर्जहि ब्रिटनच्या बाहेरूनच करावयाचा असतो.

ह्यांतला पेंच श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावा. मुलाची ऐपत नसेल, तर "आईला येथें आणून पोसणार कसा?" असा सवाल, आणि ऐपत असेल, तर "मग तिकडेच पगारी बाई कां ठेवीत नाहींस?" असा सवाल. कारण आईचा सर्व भार निदान ५ वर्षें सरकारी मदतीवांचून उचलण्याची हमीहि त्याच मुलानें द्यावयाची असते. ह्या नियमांविरुद्ध दाद मागण्यांत आली. परंतु २०१७ सालीं इंग्लंडच्या अपील न्यायालयानें ते कायदेशीर ठरविले. तेथील रुग्णालयांतून काम करणाऱ्या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनीं ह्याविषयीं वारंवार आवाज उठविला आहे, आणि तें साहजिक आहे. दुसऱ्यांच्या वृद्ध आईबापांची शुश्रूषा करण्यासाठीं ज्याला त्या देशानें बोलावलें, त्याच्या स्वतःच्या आईला मात्र ती अंथरुणाला खिळेपर्यंत वाट पाहावी लागते. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसास विमानाचा प्रवास झेपेलच असें नाहीं.

कॅनडानें दोन वाटा ठेवल्या आहेत. कायमच्या वास्तव्यासाठीं आईवडिलांची व आजीआजोबांची एक योजना आहे; तींत कायम रहिवासी असलेला मुलगाहि अर्ज करूं शकतो, नागरिकत्वाची अट नाहीं. मात्र इच्छुक फार आणि जागा थोड्या, म्हणून निवड चिठ्ठ्या टाकून होऊं लागली. २०२० सालीं ज्यांनीं इच्छापत्रें भरलीं, त्यांच्याच यादींतून २०२५ पर्यंत नांवें निघत राहिलीं. मध्यंतरीं पात्र झालेल्या मुलांना नुसतें पाहत बसावें लागलें. निवड झाल्यावर क्वेबेक प्रांत सोडून इतरत्र २० वर्षें पालनाची हमी द्यावी लागते. दुसरी वाट म्हणजे २०११ च्या अखेरीस सुरू झालेला सुपर व्हिसा. २०२२ पासून त्यावर एका खेपेस ५ वर्षेंपर्यंत राहतां येतें. त्यासाठीं मुलाचें ठराविक उत्पन्न, आईची वैद्यकीय तपासणी आणि निदान १,००,००० कॅनेडियन डॉलरांचा आरोग्यविमा लागतो. चिठ्ठीच्या भरंवशावर आयुष्याचीं शेवटचीं वर्षें ठेवण्यापेक्षां ही दुसरी वाट पुष्कळ कुटुंबांना अधिक खात्रीची वाटते.

ऑस्ट्रेलियाची कसोटी तर आपल्या मोठ्या कुटुंबांना विशेष विचार करावयास लावणारी आहे. तेथें कायमच्या वास्तव्यासाठीं कुटुंबाचा समतोल पाहतात. एकूण अपत्यांपैकीं निदान निम्मीं ऑस्ट्रेलियांत स्थायिक असावीं, अथवा इतर कोणत्याहि एका देशापेक्षां ऑस्ट्रेलियांत अधिक अपत्यें असावीं, असा हा नियम आहे. एक मुलगा पुण्यांत व एक मुलगी मेलबर्नमध्यें असेल, तर कसोटी उतरते. एक पुण्यांत, एक न्यू जर्सींत व एक मेलबर्नमध्यें असेल, तर उतरत नाहीं. पुण्याचा मुलगा आईकडे ढुंकूनहि पाहत नसला, तरी मोजणींत तो धरला जातो. कारण कायदा डोकीं मोजतो, माया मोजीत नाहीं. कसोटी उतरल्यावरहि साध्या अर्जास ३० वर्षांहून अधिक काळ लागेल, असा तेथील सरकारचाच अंदाज आहे. प्रत्येक पालकामागें ४०,००० हून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर भरण्याचा दुसरा वर्ग आहे. परंतु त्याची रांगहि १० वर्षांहून लांब झाली आहे. सत्तर वर्षांच्या माणसाला तीस वर्षें थांबावयास सांगणें, ह्याला नकार म्हणण्यास कांहीं हरकत नसावी. म्हणून २०१९ पासून ३ अथवा ५ वर्षांचा, एकंदर १० वर्षांपर्यंत मिळूं शकणारा तात्पुरता व्हिसा निघाला आहे. त्याला समतोलाची कसोटी लागत नाहीं.

सिंगापूरसारख्या ठिकाणीं आणखी एक प्रकार आढळतो. तेथें नोकरीच्या परवान्यावर असलेल्या मुलाचा ठराविक मासिक पगार निदान १२,००० सिंगापूर डॉलर असेल, तर आईवडिलांना दीर्घ मुदतीचा भेटपरवाना मिळूं शकतो. परंतु तो मुलाच्या नोकरीशीं बांधलेला असतो. नोकरी सुटली कीं मुलाबरोबर आईलाहि तो देश सोडण्याची तयारी करावी लागते. अशा ठिकाणीं नेतांना गांवचें घर मोडून नेणें हें धाडसाचें होय.

आतां आपल्याकडील बाजू पाहूं. आईवडिलांचें पालन हें आपल्या कायद्यानेंहि कर्तव्य मानलें आहे. विवाहित मुलीवरहि वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येऊं शकते, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं, महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका प्रकरणांत, ठरविलें. पुढें २००७ सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा स्वतंत्र कायदा झाला. तो भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाहि लागू आहे, असें त्याच्या आरंभींच म्हटलें आहे. म्हणजे एका देशाचा कायदा मुलास सांगतो, "आईला सांभाळ", आणि दुसऱ्या देशाचा कायदा त्यालाच सांगतो, "आईला येथें आणूं नकोस." ह्या दोहोंच्या मध्यें उभा असलेला मुलगा कृतघ्नच असला पाहिजे, असें मानण्याची घाई समाजानें करूं नये. त्याचप्रमाणें, कायदा आड आला ही सबब सांगून मुलानेंहि मोकळें होऊं नये. कारण पैसे, माणसें आणि स्वतःच्या वारंवार येण्याजाण्यानें पुष्कळ कांहीं करतां येतें.

जाण्याचें ठरलेंच, तर निघण्यापूर्वीं कांहीं व्यवस्था अवश्य कराव्या. कायमचें परदेशीं राहावयास गेल्यावर साधें बचत खातें तसेंच चालवतां येत नाहीं. बँकेस कळवून तें अनिवासी खात्यांत पालटून घ्यावें लागतें. निवृत्तिवेतन असेल, तर दरवर्षीं हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो संगणकीय पद्धतीनें देण्याची सोय झाली आहे. घर, शेत, भाडेकरू ह्यांची देखभाल करण्यासाठीं विश्वासू माणसाच्या नांवें मुखत्यारपत्र करावें, आणि तें निघण्यापूर्वीं येथेंच करणें सोपें. परदेशांत केल्यास तेथील भारतीय वकिलातीचें साक्षांकन, आणि येथें आल्यावर तीन महिन्यांच्या आंत मुद्रांक, असे सोपस्कार मागें लागतात. पुढें आईनें तिकडचें नागरिकत्व घेतलें, तर भारतीय नागरिकत्व आपोआप जातें. त्यानंतर परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून कार्ड मिळूं शकतें, पण मतदानाचा हक्क राहत नाहीं व नवी शेतजमीनहि विकत घेतां येत नाहीं. ज्यांचा जीव सातबाराच्या उताऱ्यांत गुंतला आहे, त्यांना ही गोष्ट आधीं स्पष्ट सांगावी. आणि सर्वांत महत्त्वाचें असें कीं, पहिलें वर्ष पुरें होईपर्यंत राहतें घर विकूं नये. परत येण्यास जागा आहे ह्या जाणिवेनेंच पुष्कळ वृद्धांचा जीव परदेशीं रमतो.

आतां चार भिंतींच्या आंतील गोष्ट. अमेरिकेच्या उपनगरांत मोटार न चालवतां येणाऱ्या माणसास भाजी आणावयासहि दुसऱ्याचें तोंड पाहावें लागतें. सकाळीं मुलगा व सून कामावर जातात, नातवंडें शाळेंत जातात, आणि संध्याकाळपर्यंत घरांत घड्याळाखेरीज आवाज नसतो. हिंवाळ्यांत बर्फावरून पाय घसरण्याची धास्ती. येथें दारावर येणारा दूधवाला, पेपरवाला, शेजारची वहिनी, देवळांतला पुजारी हीं सर्व माणसें मिळून म्हाताऱ्या माणसाचा दिवस भरून काढीत असतात. तीं त्याच्या जीवनाचा किती मोठा भाग होतीं, हें तीं सुटल्यावर कळतें. ज्यानें चाळीस वर्षें घर चालविलें, त्याला आतां चहाचा डबा कोठें ठेवला आहे हें विचारावें लागतें. ह्यांत कोणाचा दोष नाहीं. पण दुःख आहे, आणि तें आधींच जाणून घ्यावें.

भाषेचा प्रश्न तर आजारांत अधिक तीव्र होतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदां आधीं सुटते आणि मातृभाषा मागें उरते. परदेशीं शुश्रूषागृहांत ठेवण्याची वेळ आली, तर "पाणी हवें" एवढें समजणारेंहि कोणी जवळ नसावें, ही कल्पनाच असह्य आहे. म्हणून नेण्यापूर्वीं त्या गांवांत मराठी माणसांची वस्ती किती, त्यांच्या भेटीगांठी कितपत होतात, हें मुलानें पाहून ठेवावें. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे; उत्तर अमेरिकेंतील मंडळांना एकत्र आणणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालीं स्थापन झालें. अशा संस्था गणपतीपुरत्याच ओळखाव्या असें नाहीं. आठवड्यांतून एक दुपार आपल्या वयाच्या चार माणसांत मराठींत बोलावयास मिळणें, हें वृद्धाला औषधाइतकेंच आवश्यक असतें.

एक गोष्ट कांहींशा संकोचानें, पण बोललीच पाहिजे. पुष्कळ घरांत आईला प्रथम बोलावणें येतें तें सुनेच्या अथवा मुलीच्या बाळंतपणास. ती धडधाकट असते, सहा महिने राबते, आणि परत येते. हा क्रम दोन-तीनदां होतो. पुढें तिला स्वतःला आधार लागूं लागतो, तेव्हां मात्र व्हिसाचे नियम, विम्याचे दर आणि घरांतल्या खोल्या ह्यांचा हिशेब निघतो. मुलांच्या मनांत खोट असते असें नव्हे. परंतु आईच्या मनांत हा हिशेब मांडला जातोच. तिच्या सेवेच्या काळांतच जर मुलांनीं तिच्या पुढच्या काळाचा विचार बोलून ठेवला, तर हा सल राहणार नाहीं.

तात्पर्य काय? निर्णय आजारपणाच्या रात्रीं, रुग्णालयाच्या वऱ्हांड्यांत घेण्याचा नसतो; हातपाय चालत आहेत तोंवर घ्यावयाचा असतो. सर्व भावंडांनीं एकत्र बसून कोणत्या देशाचा नियम काय आहे, तो त्या वेळीं चालू आहे कीं पालटला, हें त्या सरकारच्या अधिकृत कचेरीकडून पाहून घ्यावें. दलालाच्या शब्दावर विसंबूं नये. पांच वर्षांच्या विम्याची रक्कम कागदावर मांडावी, आणि त्याच रकमेंत गांवीं चांगली सोबत, डॉक्टर व वर्षांतून मुलांच्या दोन खेपा किती होतील, हेंहि शेजारीं मांडावें. एकदम कायमचें नेण्याऐवजीं एक संपूर्ण हिंवाळा तिकडे राहून पाहण्यास सांगावें. उन्हाळ्यांतील पाहुणचारावरून कोणतेंच अनुमान काढूं नये. आणि हें सर्व झाल्यावर, ज्याच्याविषयीं ही एवढी चर्चा चालली आहे त्या माणसाला, मुलें, सुना, जांवई कोणी समोर नसतांना, एकदां शांतपणें विचारावें: "तुम्हांला शेवटचे दिवस कोठें काढावेसे वाटतात?"

कित्येक घरांत हा एकच प्रश्न विचारावयाचा राहून जातो. उत्तर आपल्या सोयीचें येईल असें नाहीं. "मुलांजवळ" असें आलें, तर वर सांगितलेल्या सर्व अडचणी सोसून ती वाट धरावी. "माझ्या घरांत" असें आलें, तर त्या घरांत तिला एकटेपणा वाटणार नाहीं, अशी व्यवस्था दुरून करणें, हेंहि पालनच होय. आईला आपल्याजवळ आणणें ही मायेची एक रीत आहे; तिला तिच्या जागीं सुखानें ठेवणें ही दुसरी. दोहोंपैकीं कोणती खरी, हें परदेशचा कायदा ठरवूं शकत नाहीं, आणि शेजारपाजारहि नाहीं.